पुरुषाच्या केसांतला आकडा

गेल्या महिन्यात आमच्या वाचनगटात दू फू या चिनी कवीची वसंतातल्या राजधानीवरची कविता वाचली. इसवी सन ७५७ मधली, फक्त आठ ओळींची. गटातल्या एका सदस्यांनी ती इंग्रजीवरून मराठीत आणली होती आणि चांगली आणली होती. शेवटी कवी म्हणतो की पांढरे केस खाजवून खाजवून इतके विरळ झालेत की आता त्यांत केसांत खोचायचा आकडासुद्धा ठरत नाही. एका काकूंनी विचारलं, "पुरुषाच्या केसांत आकडा कसा काय?" प्रश्न साधा होता आणि नेमका होता. पण उत्तर शोधायच्या आतच दुसऱ्या वादाला तोंड फुटलं. ज्याला चिनीचं एक अक्षर येत नाही त्याने चिनी कवितेला हात लावावाच का? काहींच्या मते हा उद्धटपणा होता. इतरांचं म्हणणं, कविता कवितेसारखी उतरली की झालं, बाकीचं प्राध्यापकांनी बघावं. दीड तास हेच चाललं. काकूंच्या प्रश्नाकडे कुणी परत वळलं नाही.

हा वाद आमच्या गटाने काढलेला नाही. प्राचीन चिनी कविता आणि ग्रंथ इंग्रजी वाचकांपर्यंत कसे न्यावेत, यावर इंग्रजीत शंभर वर्षांहून अधिक काळ हेच भांडण चालू आहे. मराठीत चिनी साहित्य बहुतेक इंग्रजीच्याच दारातून येतं, त्यामुळे ते भांडणही आपल्याकडे आयतं आलं. माझं मत सुरुवातीलाच सांगते. अनुवादकाला चिनी येतं की नाही, या एका मुद्द्यावर हा वाद लढवण्यात दोन्ही बाजूंची चूक होते आहे. विचारायला हवं ते वेगळंच. अनुवादकाने मूळ कवितेतून काय उचललं, काय सोडलं आणि काय पदरचं घातलं, हे वाचकाला कळण्याची सोय पुस्तकात आहे का? शाळेत संस्कृत सुभाषित शिकताना आधी पदच्छेद, मग अन्वय, मग अर्थ अशी पद्धत असायची. इंग्रजी वाचकाच्या हाती चिनी कवितेचा फक्त अर्थ पडला, तोही कुणा एकाने ठरवलेला. पदच्छेद आणि अन्वय अनुवादकाच्या टेबलावरच राहिले.

या वादात ज्याचं नाव हमखास निघतं त्या एझरा पाउंड या अमेरिकन कवीपासूनच सुरुवात करू. अर्नेस्ट फेनोलोसा हा अमेरिकन अभ्यासक जपानमध्ये मोरी आणि आरिगा या विद्वानांकडे बसून चिनी कविता शिकला होता. १९०८ मध्ये तो वारला. त्याच्या पत्नीने त्याच्या वह्या १९१३ मध्ये पाउंडच्या हवाली केल्या. पाउंडला तेव्हा चिनी येत नव्हतं. त्या वह्यांवरून त्याने १९१५ मध्ये 'कॅथे' हे छोटं पुस्तक काढलं. त्यात ली बाय या कवीचं नावही जपानी उच्चाराने 'रिहाकू' असं छापलेलं आहे. एका ठिकाणी ली बायच्या दोन वेगळ्या कविता एकमेकींत मिसळून गेल्या आणि दुसरीचं लांबलचक शीर्षक पहिलीच्या ओळींत जमा झालं. भाषा न येणाऱ्याने काय गोंधळ घातला, याचा याहून ठळक दाखला शोधून सापडणार नाही.

आणि तरीही या पुस्तकाच्या विरोधकांना एक गोष्ट कबूल करावीच लागते, मीही करते. नदीवरच्या व्यापाऱ्याच्या तरुण बायकोचं पत्र ही त्यातली कविता इंग्रजीत आजही जिवंत आहे. तिच्यानंतर चिनी उत्तम जाणणाऱ्या कितीतरी जणांनी तीच कविता केली, पण वाचकांच्या ओठांवर पाउंडचीच राहिली. वाय-लिम यिप या चिनी-इंग्रजी दोन्ही भाषांत लिहिणाऱ्या कवी-अभ्यासकाने १९६९ मध्ये 'कॅथे'वर आख्खा ग्रंथ लिहून दाखवलं की फेनोलोसाच्या टिपणांत चूक असतानाही पाउंडला काही ठिकाणी मूळ कवितेची नस बरोबर सापडली होती. कवी टी. एस. एलियट तर १९२८ मध्ये म्हणाला की आपल्या काळापुरती चिनी कविता पाउंडनेच निर्माण केली. ही स्तुती आहेच, पण नीट वाचलं तर तिच्यात एक इशाराही आहे. निर्माण केली, आणली नव्हे.

पण या सगळ्या चर्चेत एक तपशील कायम निसटतो. फेनोलोसाच्या त्या वह्यांत होतं काय? प्रत्येक चिनी अक्षर, त्याखाली जपानी उच्चार, त्याखाली सुटा अर्थ, आणि मग ओळीचा सरळ भावार्थ. म्हणजे पदच्छेद आणि अन्वय! पाउंडला चिनी येत नव्हतं हे खरं, पण तो काही रिकाम्या हाताने बसला नव्हता. शिवाय 'कॅथे'च्या मुखपृष्ठामागच्या पानावर त्याने सगळी साखळी छापली: मूळ चिनी रिहाकूचं, टिपणं कैलासवासी फेनोलोसाची, उकल प्राध्यापक मोरी आणि आरिगा यांची. पुढे त्याच कविता निवडक संग्रहांत गेल्या तेव्हा ही साखळी बहुतेक ठिकाणी गळून पडली आणि उरलं एकच नाव. मला खटकतं ते इथे. पाउंडने ज्या वहीवरून कविता केली ती वही वाचकाला का मिळू नये?

आता त्या आठ ओळींकडे जरा जवळून बघू, म्हणजे मी काय मागते आहे ते कळेल. ७५५ मध्ये आन लुशान या सेनापतीने बंड केलं आणि राजधानी छांगआन बंडखोरांच्या हाती गेली. दू फू त्यांच्या तावडीत सापडला. बायकामुलं दूर उत्तरेला, तो एकटा राजधानीत. पहिल्या ओळीत पाच अक्षरं आहेत: राज्य, मोडणं, डोंगर, नदी, असणं. दुसरीतही पाच: नगर, वसंत, गवत, झाड, दाट. क्रियापदाला काळ नाही, नामाला वचन नाही, 'मी' कुठेच नाही. आता दोन्ही ओळी एकीखाली एक मांडा. राज्याखाली नगर येतं. मोडण्याखाली वसंत, म्हणजे वसंत हेच इथे क्रियापद झालं, नगर 'वसंतलं'. डोंगर-नद्यांखाली गवत-झाडं, आणि 'आहेत' याच्याखाली 'दाट'. एका ओळीतला प्रत्येक शब्द दुसरीतल्या आपल्या जोडीदाराकडे बघत उभा आहे. अकराव्या शतकातले इतिहासकार सीमा ग्वांग यांनी या ओळींबद्दल लिहून ठेवलं आहे की डोंगर-नद्या आहेत म्हणजे दुसरं काहीच उरलेलं नाही, आणि गवत-झाडं दाट आहेत म्हणजे माणसं नाहीत. सगळा आकांत न लिहिलेल्या शब्दांत आहे. जोड्या दिसल्या तरच तो ऐकू येतो.

तिसरी ओळ त्याहून अवघड. काळाचं दुःख, फूल, शिंपडणं, अश्रू. फुलं पाहून कवीचे अश्रू ओघळतात, की या काळाच्या दुःखाने फुलंच रडतात? चौथीतही तसंच: ताटातुटीची खंत, पक्षी, दचकणं, काळीज. पक्ष्याच्या आवाजाने माणसाचं काळीज हलतं की पक्ष्याचंच? चिनी व्याकरण दोन्ही अर्थांना जागा देतं आणि चिनी भाष्यकार त्यावर शतकानुशतकं बोलत आलेत. इंग्रजीला कर्ता लागतोच. कुणाचे अश्रू ते ठरवल्याशिवाय वाक्य पुरं होत नाही. मराठीचीही थोडी तीच अडचण आहे. अनुवादक एक अर्थ निवडतो, त्याचा इलाज नाही आणि त्याबद्दल मी त्याला दोष देत नाही. दोष याचा आहे की निवड झाली हेच वाचकाला सांगितलं जात नाही. पानावर एक स्वच्छ, गुळगुळीत वाक्य असतं, आणि वाचक समजतो की दू फूने हेच आणि एवढंच म्हटलंय.

"पण निदान चिनी जाणणाऱ्या माणसाने केलं तर हे घडणार नाही," असं भाषेच्या बाजूने बोलणारे म्हणतात. इतिहास त्यांच्या मदतीला येत नाही. आर्थर वेली ब्रिटिश म्युझियममध्ये नोकरी करता करता स्वतःच चिनी आणि जपानी शिकला. चीनमध्ये आयुष्यात कधी गेला नाही, पण त्याच्या विद्वत्तेवर शंका घेण्याची माझी प्राज्ञा नाही. १९१८ मध्ये त्याने १७० चिनी कवितांचा संग्रह काढला. त्याआधी केंब्रिजचे प्राध्यापक हर्बर्ट जाइल्स चिनी कविता इंग्रजी यमकांत बसवत होते, आणि यमकासाठी शब्दांची भर घालत होते. वेलीने यमक सोडलं. चिनी ओळीत जितकी अक्षरं तितके आघात इंग्रजी ओळीत, असा त्याचा प्रयत्न होता. तो निर्णय विचारपूर्वक होता आणि इंग्रजी कवितेचं त्याने भलंच केलं. पण जुन्या ग्रंथांचे संदर्भ कवितेत पेरण्याची चिनी पद्धत त्याला दोष वाटायची, म्हणून संदर्भांनी ठासून भरलेले कवी त्याने बाजूला ठेवले. पुस्तकाचा दुसरा भाग आख्खा बाय जुयी या सोप्या, बोलक्या कवीचा आहे आणि दू फूच्या वाट्याला फार थोडं आलं. भाषा येणाऱ्यानेही चाळणी लावलीच की! फक्त ती चाळणी जाणकाराची असल्याने कुणी प्रश्न विचारला नाही.

मग जन्माने चिनी असलेल्यानेच अनुवाद करावा का? श्यू युआनछोंग यांनी शंभर वर्षांच्या आयुष्यात ढिगाने चिनी कविता इंग्रजीत नेल्या. अर्थाचं, नादाचं आणि घाटाचं अशी तिन्ही सौंदर्यं उतरली पाहिजेत, हा त्यांचा आग्रह होता आणि त्यासाठी त्यांनी यमक कधी सोडलं नाही. परिणाम असा की यमक जुळवायला मूळात नसलेले शब्द आले, म्हणजे जाइल्सचीच अडचण पुन्हा उभी राहिली. भाषा न येणारा पाउंड, शिकून येणारा वेली आणि जन्मापासून येणारे श्यू, तिघांनीही काहीतरी टाकलं, काहीतरी घातलं. मग भाषा येते की नाही या रेषेच्या आधाराने आपण कुणाला आत घेणार आणि कुणाला बाहेर ठेवणार?

आता माझ्या म्हणण्यावरचा सगळ्यात जड आक्षेप. टीपांनी कविता मरते. कविता म्हणजे काही सातबाऱ्याचा उतारा नव्हे. प्रत्येक शब्दाला खाली आकडा लावला, दर ओळीला स्पष्टीकरण जोडलं, तर वाचणारा दुसऱ्या पानावर पुस्तक मिटेल, आणि ज्याच्यासाठी खटाटोप केला तो दू फू कपाटात धूळ खात पडेल. हा आक्षेप मी हलक्यात घेत नाही. मला स्वतःला दू फू पहिल्यांदा आवडला तो एका टीप नसलेल्या इंग्रजी पानावर. ते पान नसतं तर आज हा लेखही नसता. सुरुवातीला कविता कवितेसारखीच भेटली पाहिजे, यात मला शंका नाही.

पण दू फू स्वतःच्या देशात कसा वाचला गेला हे बघा. सोंग राजवटीच्या काळापासून (दहावं ते तेरावं शतक) त्याच्यावर इतक्या टीका लिहिल्या गेल्या की 'दू फूचे हजार टीकाकार' असा वाक्प्रचारच पडला. चिनी शाळेतलं मूलही त्याची कविता तळटीपांसह शिकतं, कारण तेराशे वर्षांपूर्वीची भाषा त्यालाही आपसूक कळत नाही. आणि आपल्याकडे तरी वेगळं काय आहे? मेघदूत मल्लिनाथाच्या टीकेशिवाय किती जणांनी वाचलं? मल्लिनाथाने कालिदास मारला असं कुणी म्हणत नाही. ज्ञानेश्वरी ही तर मुळात टीकाच, आणि ती टीका स्वतःच मराठीतलं सर्वोच्च काव्य झाली. टीपांनी कविता मरते ही भीती ज्या वाचनसंस्कृतीतून आली आहे ती आपली नाही आणि चिनी लोकांचीही नाही. मरते ती वाईट टीपांनी. 'चंद्र हे विरहाचं प्रतीक आहे' असली टीप खरोखरच कवितेवर दगड ठेवते. 'या आकड्याने अधिकाऱ्याची टोपी अंबाड्याला अडकवत' ही टीप कविता उघडते.

आणि टीपा न देण्याची किंमत काय, तेही मोजायला हवं. शंभर वर्षं गुळगुळीत पानं वाचून इंग्रजी वाचकाच्या मनात चिनी कवितेचं एक ठरावीक चित्र बसलं. धुकं, डोंगर, चंद्र, दारूचा पेला, एकटा शांत म्हातारा, आणि कसलंही बंधन नसलेल्या मोकळ्या ओळी. प्रत्यक्षात तांग काळातली, म्हणजे दू फूच्या राजवटीतली, नियमबद्ध कविता म्हणजे जगातल्या सगळ्यात कडक रचनांपैकी एक आहे. आठ ओळी, ओळीत पाच किंवा सात अक्षरं, मधल्या जोड्या शब्दाला शब्द तोलून, कोणत्या जागी सपाट सूर आणि कोणत्या जागी चढता-उतरता हे ठरलेलं, आणि यमक. सरकारी परीक्षेत ती रचून दाखवावी लागे. ज्यांना इंग्रजीत मुक्तछंदाचे पूर्वज मानलं गेलं ते कवी अभंगाच्या चरणाहून जास्त काटेकोर मापात लिहीत होते! शांत म्हाताऱ्याचंही तसंच. ७५५ मध्ये दू फू घरी परतला तेव्हा त्याचं लहान मूल उपासमारीने गेलेलं होतं. त्याच प्रवासावरच्या दीर्घ कवितेत त्याने लिहिलं की तांबड्या दरवाजांमागे दारू आणि मांस सडतं आहे, आणि रस्त्यावर थंडीने मेलेल्यांची हाडं पडली आहेत. चंद्र आणि धुक्याच्या निवडक संग्रहात ही ओळ कुठे बसवायची?

फेनोलोसाच्या नावावर आणखी एक गैरसमज आहे. चिनी अक्षरं म्हणजे चित्रं, चिनी वाचक ती बघतो, असा त्याचा निबंध पाउंडने १९१९ मध्ये छापला आणि इंग्रजी कवींना त्याची भुरळ पडली. खरं तर बहुसंख्य चिनी अक्षरांचा एक भाग अर्थाकडे बोट दाखवतो आणि दुसरा उच्चाराकडे. चिनी कविता आधी कानाची आहे. (एक आपल्या सोयीची गोष्ट इथेच सांगून टाकते. आजच्या चिनीत त आणि थ, प आणि महाप्राण फ असा भेद आहे, इंग्रजी माणसाला तो चटकन ऐकू येत नाही, म्हणून त्यांची लिपी कधी 'तु फु' तर कधी 'दु फु' लिहिते. देवनागरीत तो भेद जन्मजात आहे. थांग राजवंश आणि तू फू असं आपण लिहिलं तर इंग्रजीपेक्षा जवळ जाऊ. मी इथे रुळलेली रूपं ठेवली आहेत.)

कामाची पद्धत कशी असावी याचा धडा चिनी लोकांनीच घालून दिलेला आहे, आणि तो नेमका आपल्या ग्रंथांवर काम करताना. कुमारजीव, ज्याचे वडील भारतीय होते, पाचव्या शतकाच्या सुरुवातीला छांगआनमध्ये बौद्ध ग्रंथांचे अनुवाद करत होता. तो हातात पोथी धरून तोंडी अर्थ सांगे, शेकडो भिक्षू ऐकत, शंका काढत, चिनी शब्दांवर वाद घालत, आणि मग मजकूर ठरे. भारतीय श्लोक चिनीत आणणं म्हणजे भात चावून दुसऱ्याला देणं आहे, त्याने चव तर जातेच पण ओकारीही येते, असं तो म्हणायचा. एवढं माहीत असूनही त्याने काम थांबवलं नाही. त्याचा वज्रच्छेदिकेचा अनुवाद ओघवता म्हणून घराघरांत गेला. त्यानंतर आणखी पाच जणांनी तेच सूत्र पुन्हा चिनीत केलं. त्यात शुआनझांग, म्हणजे आपल्या इतिहासाच्या पुस्तकातला ह्युएनत्संग, यांचा अगदी मूळबरहुकूम अनुवादही आहे. चिनी परंपरेने काय केलं? एकाला खरा ठरवून बाकीचे फेकले नाहीत. सहाच्या सहा अनुवाद त्रिपिटकात शेजारी शेजारी ठेवले. ज्याला गोडवा हवा त्याने कुमारजीव म्हणावा, ज्याला ताडून बघायचं त्याला बाकीचे हाताशी आहेत.

शुआनझांग यांचीच दुसरी गोष्ट मला अधिक प्रिय आहे. ६४७ मध्ये कामरूपच्या (आजच्या आसामातल्या) राजासाठी लाओ त्झू या प्राचीन चिनी तत्त्वज्ञाचा ग्रंथ संस्कृतात न्यायचं ठरलं. 'दाओ' या पहिल्याच शब्दावर अडलं. ताओपंथी पंडित म्हणाले, याला 'बोधी' म्हणा. शुआनझांग म्हणाले, बोधी म्हणजे जाग येणं, दाओ म्हणजे वाट, म्हणून शब्द 'मार्ग'च हवा. आज तो संस्कृत अनुवाद उपलब्ध नाही, पण हा वाद चिनीत नोंदून ठेवलेला आहे, दोन्ही बाजूंच्या युक्तिवादांसकट. म्हणून तेराशे वर्षांनंतर मी घरी बसून ठरवू शकते की मला कुणाचं पटतं. इंग्रजीत या ग्रंथाचे अनुवाद मोजता येणार नाहीत इतके झाले. त्यांतल्या कितींमध्ये पहिल्या शब्दावर काय घासाघीस झाली हे वाचकाला दिसतं?

यात आपला काय संबंध, असं कुणी विचारेल. आपल्याला महाराष्ट्राबद्दलच्या ज्या ओळींचा अभिमान वाटतो त्यांचाच संबंध आहे. इथले लोक उपकार विसरत नाहीत आणि अपमानाचा सूड घेतल्याशिवाय राहत नाहीत, युद्धाआधी हत्तींना दारू पाजतात, हे पुलकेशीच्या राज्याचं वर्णन ह्युएनत्संगचं. मराठीत ते आलं प्रामुख्याने सॅम्युअल बीलच्या १८८४ च्या इंग्रजी अनुवादासारख्या पुस्तकांवरून. वीस वर्षांनी टॉमस वॉटर्सचं पुस्तक आलं. त्यात तो परिच्छेद घेऊन मूळ चिनी शब्द समोर ठेवतो आणि आधीच्या अनुवादकांचं कुठे चुकलं ते सांगतो. आपण भाषणांत, पाठ्यपुस्तकांत कोणता धागा धरला? गुळगुळीत. आणि आपल्याकडे चिनी वाचणारं कुणी नव्हतं असंही नाही. पुण्याच्या पु. वि. बापटांनी चिनी शिकून 'विमुत्तिमग्ग' हा पूर्ण रूपात फक्त चिनी अनुवादात उरलेला बौद्ध ग्रंथ 'विसुद्धिमग्ग' या पाली ग्रंथाशी ताडून पाहिला, आणि १९३७ मध्ये ते काम पुण्यातच प्रसिद्ध झालं.

चिनी न येणाऱ्यांनी बाजूला व्हावं, असं मी म्हणत नाही. अर्सुला ले ग्विन या अमेरिकन लेखिकेला चिनी येत नव्हतं. त्यांनी वडिलांच्या संग्रहातली पॉल केरसची १८९८ ची आवृत्ती समोर ठेवली. तिच्यात लाओ त्झूच्या प्रत्येक अक्षराखाली उच्चार आणि अर्थ छापलेला होता. दुसऱ्या अनुवादकांचे अर्थ त्यांनी ताडून पाहिले, एका चिनी जाणणाऱ्या अभ्यासकाची मदत घेतली, आणि १९९७ मध्ये पुस्तक काढताना मला चिनी येत नाही, मी अमुक ठिकाणी अमक्याचा अर्थ घेतला, इथे मी मोकळीक घेतली, हे टीपांत लिहून टाकलं. असं पुस्तक वाचून वाचकाची फसवणूक होत नाही. उलट भाषा येणाऱ्याचं निष्टीप पान वाचून होऊ शकते. डेव्हिड हॉक्स यांनी १९६७ मध्ये दू फूच्या ३५ कविता घेऊन जे पुस्तक केलं त्यात मूळ चिनी, उच्चार, रचनेचा खुलासा, शब्दागणिक अर्थ आणि शेवटी साधा गद्य अनुवाद आहे. ज्याला चिनी येत नाही तो वाचकही हे पुस्तक संपवताना दू फूची ओळ अक्षरा-अक्षराने चाचपू शकतो. स्टीफन ओवेन यांचा संपूर्ण दू फू, सहा खंड, सुमारे १४०० कविता, एका पानावर चिनी आणि समोर इंग्रजी, २०१६ पासून इंटरनेटवर फुकट आहे. कागद महाग, पानं वाढतात, ही प्रकाशकांची जुनी सबब आता किती दिवस ऐकायची?

आणि वाचकाला हे झेपणार नाही, असं जे गृहीत धरलं जातं त्याचा मला राग येतो. अनुवादक, संपादक, समीक्षक, सगळे मिळून वाचकाच्या वतीने ठरवतात की त्याला फक्त तयार घास हवा. ज्या काकूंनी आकड्याबद्दल विचारलं त्या कुठल्याच विद्यापीठात साहित्य शिकलेल्या नाहीत. पण पानावर जे नीट बसत नव्हतं तिथे त्यांचंच बोट गेलं, आणि चिनी येतं-येत नाही यावर तावातावाने बोलणाऱ्या आम्हा कुणाचंही गेलं नाही.

पुढच्या बैठकीला मी ती कविता हॉक्सच्या पद्धतीने मांडून नेली. चाळीस अक्षरं, प्रत्येकाखाली एक मराठी शब्द, बस. आकड्याचं सांगितलं: तेव्हाचे पुरुष केस वर बांधत, नोकरीत असलेल्याची टोपी त्या आकड्याने अंबाड्याला अडकवलेली असे, आणि दू फूला बंडाच्या तोंडावरच एक किरकोळ सरकारी जागा मिळाली होती. काकू म्हणाल्या, "म्हणजे हे नुसतं केस गळल्याचं दुःख नाही. टोपी घालायला डोकंच उरलं नाही." मग तिसऱ्या ओळीवर आलो. फुलं रडतात की फुलांवर आपण रडतो, यावर गटात सरळ दोन तट पडले. मूळ अनुवाद केलेल्या सदस्यांनी आपली ओळ खोडून दुसरी लिहिली आणि थोड्या वेळाने तीही खोडली. काकूंनी वहीत दोन्ही ओळी एकीखाली एक उतरवून घेतल्या आणि मध्ये 'किंवा' लिहिलं.